पडद्यावरच्या बाईचा शुद्ध उच्चार

आमच्या तालुक्याच्या गावी पंधरवड्यातून एकदा अभ्यासमंडळ भरते. दहा-पंधरा मुलेमुली, दोन-तीन शिक्षक, एखाददुसरा कार्यकर्ता, एवढाच जमाव. कधी पुस्तकावर बोलणे होते, कधी भिंतीला पांढरी चादर बांधून जुना चित्रपट दाखवला जातो. गेल्या हिवाळ्यात आम्ही ‘ब्रीफ एन्काउंटर’ दाखवला. डेव्हिड लीन या दिग्दर्शकाचा, १९४५ सालचा. एक विवाहित बाई आणि एक विवाहित डॉक्टर रेल्वे स्टेशनावर भेटतात, एकमेकांत गुंततात आणि काही आठवड्यांनी वेगळे होतात, एवढीच त्याची गोष्ट. दिवे लागल्यावर इंग्रजी घेऊन एम. ए. करणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, ही बाई अशी का बोलते? तिकडच्या बाया खरंच अशा बोलायच्या का?”

पोरे हसली. मला हसू आले नाही. तीस वर्षे मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आणि त्यातली निदान दहा वर्षे याच आवाजाला गज मानून पोरांची तोंडे मापली. त्या रात्री मी तिला दोन वाक्यांत उत्तर दिले. ते अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा राहिलेला भाग आहे.

आधी कानाला काय ऐकू येते ते पाहू. चित्रपटाची नायिका सीलिया जॉन्सन. ती ‘हॅट’ म्हणते तेव्हा आपल्याला ‘हेट’ ऐकू येते; ‘थँक यू’चे जवळजवळ ‘थेंक यू’ होते. ‘लॉस्ट’, ‘ऑफ’, ‘क्रॉस’ यांतला स्वर ताणला जातो, ‘लॉऽस्ट’, ‘ऑऽफ’. ‘फायर’ आणि ‘टॉवर’ हे शब्द मधला य-व गिळून ‘फाऽ’, ‘टाऽ’ असे निघतात. ‘सिटी’, ‘हॅपी’ यांचा शेवटचा ‘ई’ खाली उतरून ‘ए’कडे झुकतो. ‘बाथ’, ‘ग्लास’, ‘डान्स’ यांत मात्र ऐसपैस ‘आ’. उत्तर इंग्लंडातला गिरणी कामगार तिथे आखूड स्वर लावतो, ‘बॅथ’, ‘ग्लॅस’ असा काहीसा. (मराठीने उचललेले ‘ग्लास’, ‘क्लास’, ‘पास’, ‘मास्तर’ हे सगळे शब्द दक्षिणेकडच्या साहेबाच्या ‘आ’चे आहेत. उत्तरेकडच्या मजुराचा स्वर आपल्यापर्यंत पोचलाच नाही.) त्यात भर म्हणजे ओठ फार न हलवता, वरच्या पट्टीत, शब्द कात्रीने कापल्यासारखे बोलायचे. असा हा उच्चार.

या सगळ्यात एक गोष्ट मला विद्यार्थ्यांना नेहमी दाखवावीशी वाटते. हा प्रतिष्ठित उच्चार स्वरानंतरचा ‘र’ खातो. ‘कार’चे ‘का’, ‘मदर’चे ‘मद’. लिहिलेले अक्षर चक्क गाळले जाते. लंडनच्या ईस्ट एंडचा कष्टकरी माणूसही एक अक्षर गाळतो. तो शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गाळतो. ‘हाऊस’चे ‘आऊस’, ‘हॅट’चे ‘अॅट’. गाळणे दोघांचेही सारखेच. पण ‘र’ गाळणारा सुसंस्कृत ठरला आणि ‘ह’ गाळणारा गावंढळ. ‘र’मध्ये किंवा ‘ह’मध्ये असे काय आहे की एक टाकला तर माणूस मोठा व्हावा आणि दुसरा टाकला तर खाली पडावा? काही नाही. कोण गाळतो, एवढाच प्रश्न आहे.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी वर्गात कळले होते. सहावीत असताना गुरुजींनी मला उभे करून ‘पाणी’ म्हणायला लावले. मी ‘पानी’ म्हणालो. वर्ग हसला. पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा ‘पानी’. आमच्या वस्तीत सगळे ‘पानी’च म्हणत, आईही, आणि त्या पाण्यानेच तहान भागत होती. त्याच दिवसांत संध्याकाळी चावडीवरच्या रेडिओत हिंदी बातम्या लागत आणि त्यात ‘पानी’ असे स्वच्छ येई. रेडिओला कोणी उभे केले नाही. हिंदीत जे शुद्ध तेच मराठीत माझ्या तोंडी अशुद्ध. ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक जिभेचा आहे, पण त्याचा न्याय जिभेने होत नाही.

आता इतिहास. इंग्लंडात ‘योग्य उच्चार’ शिकवण्याचा धंदा अठराव्या शतकात जोरात सुरू झाला आणि गंमत अशी की त्याचे दोन मोठे गुरू मूळचे रंगभूमीवरचे नट होते. थॉमस शेरिडन हा आयरिश माणूस. त्याचा कोश १७८० सालचा. जॉन वॉकरचा उच्चारकोश १७९१चा. तेव्हा व्यापारात पैसा मिळवलेला नवा वर्ग वर चढू पाहत होता आणि त्याला वरच्या लोकांसारखे बोलायचे होते. ते शिकवायला नट पुढे आले. म्हणजे ज्याला पुढे ‘नैसर्गिक कुलीन वाणी’ म्हटले गेले, तिच्या मुळाशी नटांची शिकवणी आहे.

एकोणिसाव्या शतकात हे काम वसतिगृहांच्या शाळांनी हाती घेतले. इंग्लंडात त्यांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात, पण सामान्य पब्लिकला तिथे प्रवेश नसे. देशाच्या कानाकोपऱ्यातून श्रीमंतांची पोरे लहानपणी तिथे येत, घरची बोली टाकत आणि सगळी एकाच साच्यातून बाहेर पडत. पुढे हीच पोरे सैन्यात, चर्चमध्ये, न्यायासनावर आणि हिंदुस्थानच्या कलेक्टर कचेरीत बसली. डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ साली उच्चारकोश काढला, त्यात या उच्चाराला त्याने सरळ पब्लिक स्कूलचाच उच्चार म्हटले. १९२६च्या आवृत्तीत नाव बदलले. ते झाले ‘रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन’, म्हणजे मान्यता पावलेला उच्चार. मान्यता कोणी दिली, हे नावातून गेले.

जोन्सच्या व्याख्येत एक बारीक गोष्ट आहे. ज्या घरातले पुरुष त्या मोठ्या शाळांत शिकले, त्या घरांतली बोली, अशी त्याची व्याख्या होती. म्हणजे बाईचा उच्चार बाईच्या शाळेवरून ठरत नव्हता, तिच्या बापाच्या नि नवऱ्याच्या शाळेवरून ठरत होता. पण तो सांभाळायचा तिने. घराची अब्रू बाईच्या पदराला बांधावी तसा घराचा दर्जा तिच्या जिभेला बांधला गेला. म्हणून मुलींसाठी गव्हर्नेस, कॉन्व्हेंट, उच्चाराच्या खाजगी शिकवण्या आणि पुढे नाट्यशाळा. लंडनची ‘राडा’ ही नाट्यशाळा १९०४ची, एल्सी फोगर्टी या बाईंनी काढलेली वाणी आणि नाट्याची सेंट्रल स्कूल १९०६ची. बी.बी.सी. १९२२ साली सुरू झाली आणि १९२६ साली तिने उच्चार ठरवायला एक समितीच नेमली. अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस. सभासदांत बर्नार्ड शॉ आणि हेच डॅनियल जोन्स. १९४१ साली यॉर्कशायरचा विल्फ्रेड पिकल्स आपल्या उत्तरी हेलाने राष्ट्रीय बातम्या वाचू लागला, तेव्हा श्रोत्यांकडून तक्रारीची पत्रे आली. युद्ध चालू होते, शहरांवर बाँब पडत होते, आणि लोकांना निवेदकाचा स्वर खटकत होता. हा उच्चार बोलणारे तरी किती? पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात ब्रिटनपुरता केलेला अंदाज शंभरात तीन असा आहे.

अशा वेळी चित्रपट बोलू लागला. मूकपटाच्या काळी नटी कुठल्या गावची हे पडद्यावर कळत नसे. बोलपट आल्यावर तिचे गाव, तिचा बाप, तिची शाळा सगळे पहिल्या वाक्यात बाहेर. याचा पहिला बळी आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’मध्ये गेला. १९२९ सालचा हा चित्रपट आधी मूक म्हणून सुरू झाला आणि मध्येच बोलका करायचे ठरले. नायिका अॅनी ओंद्रा झेक होती. तिचे इंग्रजी लंडनच्या मुलीचे वाटत नव्हते. आवाज मागाहून भरण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून जोन बॅरी नावाची इंग्रज नटी कॅमेऱ्याच्या बाहेर मायक्रोफोनजवळ उभी राहून वाक्ये बोले आणि ओंद्रा कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवी. श्रेयनामावलीत जोन बॅरीचे नाव नाही. आणि खरी मौज पुढेच आहे. चित्रपटातली ती मुलगी चेल्सीतल्या एका तंबाखू-वर्तमानपत्रे विकणाऱ्या दुकानदाराची पोर आहे. पण जोन बॅरीच्या तोंडून ती बोलते एखाद्या बंगल्यातल्या बाईसारखी. हिचकॉक स्वतः पूर्व लंडनकडच्या भाजीवाल्याचा मुलगा. दुकानदाराची पोर कशी बोलते हे त्याला माहीत नसेल? पण नायिका म्हटली की आवाज असा हवा, हे तोवर ठरून गेले होते. नट लंडनच्या वेस्ट एंडमधल्या नाटकांतून उसने घेतले जात, आणि अमेरिकेत चित्रपट खपवायचा तर उत्तरेकडचा किंवा स्कॉटलंडचा हेल तिथे कळणार नाही, अशीही भीती होती.

मग नायिका घडवण्याची रीतच पडली. डेबोरा कर ग्लासगोत जन्मली, स्कॉटलंडमध्ये वाढली. पडद्यावर त्याचा मागमूस नाही. महायुद्धानंतर रँक या मोठ्या कंपनीने तरुण नटनट्यांसाठी एक शाळाच चालवली. लोक तिला ‘चार्म स्कूल’ म्हणत. तिथे चालावे कसे, बसावे कसे, बोलावे कसे हे शिकवत. स्विंडनच्या रेल्वे कारकुनाची मुलगी डायना डॉर्स त्याच शाळेतली.

या सगळ्या प्रकाराचे नाटक खुद्द शॉने आधीच लिहून ठेवले होते. ‘पिग्मॅलियन’ लंडनमध्ये १९१४ साली आले, चित्रपट १९३८ साली. फुले विकणाऱ्या एलायझाला एक प्राध्यापक पैजेखातर उच्चार शिकवून सरदारांच्या मेजवानीत उभी करतो. पावसाचे आणि स्पेनचे ते प्रसिद्ध घोकंपट्टीचे वाक्य मूळ नाटकात नव्हते, ते या चित्रपटासाठी आले. एलायझा झाली वेंडी हिलर. तीही उत्तरेकडची, चेशायरमधल्या कापड कारखानदाराची मुलगी. उत्तरी हेल जावा म्हणून तिला शाळेसाठी दक्षिणेत पाठवले होते. पण रंगभूमीवर तिचे नाव झाले ते ‘लव्ह ऑन द डोल’ या नाटकात, सॅलफोर्डच्या कामगार वस्तीतल्या मुलीच्या भूमिकेत. आधी घरच्यांनी हेल घालवला, मग प्रसिद्धी हेलानेच मिळवून दिली, आणि मग पडद्यावर तो पुन्हा घालवण्याचे नाटक. तिच्या एलायझात जो कसदारपणा आहे तो मला तिथून आलेला वाटतो. बाकी मंडळी पाहा. शॉ डब्लिनचा. प्राध्यापक झालेला लेस्ली हॉवर्ड हंगेरीतून आलेल्या ज्यू बापाचा मुलगा. जगाला ‘खरा इंग्रज’ दाखवणाऱ्यांत बाहेरचेच फार. त्यांना नियम बाहेरून शिकावे लागले होते, म्हणून ते पाठ होते.

आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली याच नाटकाची ‘ती फुलराणी’ केली आणि भक्ती बर्वे यांनी ती गाजवली. मी ते नाटक पाहून पोटभर हसलो. एस. टी.च्या रात्रीच्या गाडीत परत येताना ध्यानात आले की मी मंजुळेच्या ज्या बोलण्याला हसत होतो, तशा बोलण्याशी माझ्या आईच्या बोलण्याचे नाते आहे. नाटककाराला मी दोष देत नाही. शॉने आणि पु. लं.नीही शेवटी प्राध्यापकालाच उघडे पाडले आहे. एलायझाचा प्रश्न खरा आहे: नवी बोली मिळाली, आता फुलांची टोपली उचलता येणार नाही आणि दिवाणखान्यात जागाही नाही, मग जाऊ कुठे? पण प्रेक्षागृह हसते ते पहिल्या अंकात, आणि त्या हसण्याची सवय शेवटच्या अंकातल्या प्रश्नाने जात नाही.

आता पुन्हा ‘ब्रीफ एन्काउंटर’कडे येतो. त्या स्टेशनाच्या चहाच्या खोलीत दोन प्रेमकथा चालू असतात. एक लॉरा आणि डॉक्टरची. दुसरी गल्ल्यावरच्या मर्टल बॅगटची आणि तिकिटे तपासणाऱ्या आल्बर्टची. मर्टल मध्यमवयीन आहे, हॉटेल नेटाने चालवते, आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्या घरच्या बाईसारखे बोलू पाहते. राग आला की तिचा तो आवाज घसरतो आणि खालची बोली बाहेर येते. प्रेक्षकाने तिथे हसायचे असते. ही भूमिका केली जॉइस केरीने. ती लिलियन ब्रेथवेट या थोर नटीची मुलगी. म्हणजे शुद्ध बोलणाऱ्या घरातल्या बाईने, शुद्ध बोलू पाहणाऱ्या कष्टकरी बाईची फजिती करून दाखवली. करून उत्तम दाखवली, यात वाद नाही.

लॉराची कथा तिच्याच आवाजात सांगितली आहे. मनातल्या मनात ती नवऱ्याशी बोलत राहते. सीलिया जॉन्सन डॉक्टरची मुलगी, ‘राडा’त शिकलेली. तो आवाज संपूर्ण चित्रपटभर आपल्या कानाशी आहे. म्हणून दुःख तिचे. मर्टलला मनातला आवाज दिलेला नाही. तिने आल्बर्टविषयी रात्री काय विचार केला असेल, कोण विचारतो? माझ्या मते या उच्चाराचे पडद्यावरचे खरे काम हेच होते: कोणाचे दुःख शोकांतिका म्हणून पाहायचे आणि कोणाचे विनोद म्हणून, याची वाटणी करणे. मराठी कथा-कादंबरीत आमची माणसे किती वर्षे चहा आणून देत होती, निरोप पोचवत होती, मधूनच एखादे हास्यास्पद वाक्य बोलत होती, ते या पानांच्या वाचकाला सांगायला नको.

अपवाद नव्हते असे नाही. रॉचडेलची ग्रेसी फील्ड्स मासे-बटाट्याच्या दुकानावरच्या खोलीत जन्मली आणि आपला लँकेशायरचा हेल न सोडता १९३०च्या दशकात देशातली सर्वांत लोकप्रिय नटी झाली. १९३४च्या ‘सिंग अॅज वुई गो’त ती गिरणी बंद पडलेली कामगार आहे. पण तिला गाणे आणि हसवणे यांचाच परवाना. ‘लव्ह ऑन द डोल’वर चित्रपट करायचा म्हटल्यावर सेन्सॉरने १९३६ साली संहिताच नाकारली. बेकारीचे चित्र नको होते. अखेर १९४१ साली तो आला, तेव्हा सॅलफोर्डची ती मुलगी झाली डेबोरा कर.

आता जिच्यामुळे मी हा लेख खरोखर लिहितो आहे तिच्याकडे वळतो. तिचा जन्म आपल्या मुंबईचा. फेब्रुवारी १९११. नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन, घरचे नाव क्वीनी. अँग्लो-इंडियन कुटुंब. जिने तिला आई म्हणून वाढवले ती शार्लट खरे तर तिची आजी होती; जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून शार्लटच्या कोवळ्या वयातल्या मुलीचे, कॉन्स्टन्सचे नाव आहे. पुढे हे कुटुंब कलकत्त्याला गेले. तिथल्या एका नामांकित शाळेत तिला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, पण रक्तावरून पोरी छळू लागल्या तेव्हा शाळा सुटली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी. अँग्लो-इंडियनांच्या इंग्रजीला साहेब लोक कुत्सितपणे ‘ची-ची’ म्हणत. आपल्याच रक्ताच्या अर्ध्या भावाबहिणींना हिणवायला त्यांनी हा शब्द केला होता. साहेबाची स्वतःची पोरे लहानपणीच विलायतेला पाठवत, त्यात एक धास्ती ही होती की आयेच्या मांडीवर ‘ची-ची’ जिभेला लागेल. दार्जिलिंगला जन्मलेल्या व्हिव्हियन लीला वयाच्या सहाव्या वर्षी लंडनजवळच्या कॉन्व्हेंटात घातले होते. मार्गारेट लॉकवुड कराचीची. ब्रिटिश पडद्यावरच्या कुलीन आवाजांत हिंदुस्थानात जन्मलेल्या या इतक्या.

पण क्वीनीला विलायतेला पाठवणारे कोणी नव्हते. ती स्वतः गेली, १९२०च्या दशकाच्या अखेरीस. लंडनच्या नाचघरांत कामे केली, चित्रपटांत गर्दीत उभी राहिली. अलेक्झांडर कॉर्डा या हंगेरीहून आलेल्या निर्मात्याने तिला उचलले आणि १९३३च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये राणी अॅन बोलिन केले. नाव झाले मर्ल ओबेरॉन. जन्मस्थान ठरले टास्मानिया, ऑस्ट्रेलियाच्याही खालचे बेट. इतके लांब की चौकशीला कोण जाणार? ‘ची-ची’ गेली, बंगल्यातला इंग्रजी उच्चार आला. १९३५च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. सावळी शार्लट लंडनच्या घरात तिच्याजवळ राहत होती. पाहुणे आले की तिची ओळख मोलकरीण म्हणून.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ची आठवण इथे कोणालाही होईल. ते पुस्तक १९६३चे. शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव सांगताना अडखळलेले, गावाहून आलेल्या आईला शेजाऱ्यांपुढे फार बोलू नकोस म्हणालेले लोक आपल्यातही आहेत. मी त्यांच्यातला आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आई भाड्याच्या खोलीवर आली होती. शेजारच्या बाईंशी ती बोलायला लागली आणि मी आतून हाक मारून तिला आत बोलावले. काम काही नव्हते. तिला ते कळले होते. म्हणून मर्ल ओबेरॉनवर मला दगड उचलवत नाही. चरित्रकार सांगतात की शार्लट गेल्यानंतर मर्लने तिचे चित्र काढून घेतले आणि त्यात कातडीचा रंग उजळ करवला. मेलेल्या बाईलाही सुटका नाही.

१९३९चा ‘वुदरिंग हाइट्स’ हा तिचा सर्वांत प्रसिद्ध चित्रपट. एमिली ब्राँटेच्या १८४७च्या कादंबरीत हीथक्लिफ काळासावळा आहे. तो कुठल्यातरी लास्कराचे, म्हणजे हिंदुस्थानी खलाशाचे, पोर असेल असा तर्कही एक पात्र करते. पडद्यावर हीथक्लिफ झाला गोरा लॉरेन्स ऑलिव्हिए. आणि त्याच्यासमोर यॉर्कशायरची गोरी कॅथी म्हणून उभी राहिली ती मुंबईची क्वीनी. यॉर्कशायरही यॉर्कशायर नव्हते, कॅलिफोर्नियाच्या टेकड्या होत्या, आणि कॅथीच्या तोंडी यॉर्कशायरचा हेल नव्हता. सगळे उसने होते. प्रेक्षकांना खरे वाटले ते त्या उच्चारामुळे.

१९७८ साली ती होबार्टला गेली, तेव्हा टास्मानियाच्या लोकांनी आपली लेक म्हणून तिचा सन्मान समारंभ केला. पुढच्याच वर्षी ती वारली. खरे काय ते १९८३ साली निघालेल्या चरित्राने जगजाहीर केले. जन्मभर तिने ती जीभ एकदाही घसरू दिली नव्हती. मर्टलची घसरली की लोक हसत. हिची घसरली असती तर सगळेच संपले असते.

हा आवाज पडद्यावरून हटायला १९५६ ते १९६३ ही वर्षे लागली. शेलाग डेलनी ही सॅलफोर्डची कामगार घरातली मुलगी. तिने एकोणिसाव्या वर्षी लिहिलेले ‘अ टेस्ट ऑफ हनी’ १९५८ साली रंगभूमीवर आले. (त्याच वर्षी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. पण साल ध्यानात राहते.) १९६१ साली टोनी रिचर्डसनने त्याचा चित्रपट केला आणि लिव्हरपूलच्या रिटा टुशिंगहॅमला नायिका केले. शाळा सोडलेली पोर, काळ्या खलाशापासून गरोदर, आईने टाकलेली. ती आपल्या हेलात बोलते आणि कोणी हसत नाही. कान महोत्सवात तिला १९६२ साली नटीचे पारितोषिक मिळाले.

त्यानंतरची ग्लेंडा जॅक्सन मला आणखी वेगळी वाटते. बर्कनहेडच्या गवंड्याची मुलगी, औषधाच्या दुकानात नोकरी केलेली. ‘राडा’त जाऊन तिने तो आवाज कमावला, दोन ऑस्कर घेतली, आणि १९९२ साली मजूर पक्षाची खासदार झाली. एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर वारल्यावर पार्लमेंटात सगळे गौरवाचे बोलत असताना ती उठली आणि थॅचरच्या राजवटीत गरिबांचे काय झाले ते तिने सांगितले. ज्या हत्याराने बापजाद्यांना गप्प केले तेच हत्यार तिच्या हातात होते. एकदा ते भाषण ऐका, फोनवर सापडते.

सीलिया जॉन्सनसारखे आता कोणीच बोलत नाही. खुद्द राणी एलिझाबेथही बोलत नव्हती. तिच्या नाताळच्या भाषणांतले स्वर मोजून काही शास्त्रज्ञांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवले की १९५०च्या दशकातला तिचा उच्चार १९८०च्या दशकापर्यंत सामान्य दक्षिणी इंग्रजीकडे सरकला होता. मी मात्र त्याच काळात इकडे मराठवाड्यात कॅसेट लावून पोरांना ‘ऑऽफ’ म्हणायला लावत होतो. एक मुलगी होती, कष्टकऱ्याची. ‘हाऊस’ला ‘आऊस’ म्हणाली म्हणून मी तिला तीनदा उभे केले. वर्ग हसला. वर्षभर ती वर्गात पुन्हा बोलली नाही. परीक्षेत चांगले गुण मिळवून गेली.

हे सगळे मी अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत सांगितले. ती एम. ए.ची मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, “सर, तो चहाच्या खोलीतला सीन परत लावा ना.” मी लॉरा आणि डॉक्टरच्या निरोपाचा प्रसंग लावायला घेतला.

“तो नको,” ती म्हणाली. “गल्ल्यावरच्या बाईचा. ती रागावते आणि आवाज बदलतो ना, तिथून.”

मी मागे नेऊन लावला. या वेळी कोणी हसले नाही. तिने वही उघडली होती आणि मर्टलचे एकेक वाक्य देवनागरीत उतरवून घेत होती.